नैराश्याच्या गोळीपासून लिथियमपर्यंत

2022 च्या पावसाळ्यानंतर माझी झोप पहाटे साडेतीनला मोडू लागली आणि दिवाळी उलटेपर्यंत कार्यालयात टिपणीच्या दोन ओळी लिहायलाही तासभर लागू लागला. मी साताऱ्यात एका शासकीय कार्यालयात वरिष्ठ लिपिक आहे. समोर नस्ती उघडी असूनही तिच्यातला मजकूर डोक्यात शिरत नाही, ही अवस्था कामाच्या ताणाची म्हणून मी महिनाभर चालवून घेतली. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी मात्र हिमोग्लोबिन, साखर, बी-12 आणि थायरॉईडसाठी टीएसएच अशा तपासण्या करून घेतल्या, कारण रक्त कमी असले किंवा थायरॉईडचे काम मंदावले असले तरी माणूस असाच गळून जातो. सगळे रिपोर्ट नॉर्मल आले तेव्हा त्यांनी मानसोपचारतज्ज्ञांच्या नावे चिठ्ठी लिहून दिली. हे रिपोर्ट फाइलला लावून ठेवावेत. माझा त्या वेळचा टीएसएचचा आकडा पुढे दीड वर्षाने तुलनेसाठी उपयोगी पडला.

साताऱ्यात मानसोपचारतज्ज्ञ आहेत, जिल्हा रुग्णालयातही मानसिक आरोग्याचा बाह्यरुग्ण विभाग चालतो. पण गाव लहान, त्यात माझी नोकरी चारचौघांत वावरण्याची, म्हणून मी पुण्याच्या एका डॉक्टरांची वेळ घेतली. वेळ मिळायला जवळजवळ तीन आठवडे लागले आणि सगळ्यात कठीण तेच गेले. एका रात्री विचार फारच वाईट वळणावर गेले तेव्हा मी 14416 या टेली-मानसच्या क्रमांकावर फोन केला. केंद्र सरकारची ही विनामूल्य सेवा 10 ऑक्टोबर 2022 रोजीच सुरू झाली होती आणि तिथे मराठीतून बोलता आले. समोरच्या समुपदेशक बाईंनी आडवळण न घेता विचारले, "जीव द्यावा असे विचार येतात का? आत्ता घरात जागे कोण आहे?" प्रश्न इतका सरळ आल्यामुळेच उत्तरही सरळ देता आले आणि त्यांच्याच सांगण्यावरून मी माझ्या पतींना उठवले. वेळ मिळेपर्यंतचे दिवस ज्यांना काढायचे आहेत, त्यांनी हा क्रमांक आधीच मोबाइलमध्ये जतन करून ठेवावा.

जानेवारी 2023 मधली पहिली भेट सुमारे तासाभराची झाली. फी दीड हजार रुपये होती, पुढच्या भेटींची आठशे. केसपेपरवर झोप, भूक, वजन, पाळी, आधीचे आजार, चालू औषधे आणि घराण्यातले आजार असे सगळे लिहून घेतले गेले. आजोळच्या बाजूला कोणाला मानसिक आजार होता का, असे डॉक्टरांनी विचारले तेव्हा मी नाही म्हटले; फक्त मोठे मामा मध्येच घर सोडून तीर्थयात्रेला निघून जात आणि परतले की महिना महिना अंथरुणात पडून राहत, हे बोलण्याच्या ओघात सांगितले. आमच्याकडे त्याला विरक्ती म्हणत. डॉक्टरांनी ते वाक्य जसेच्या तसे लिहून घेतले. झोप कमी होऊनही थकवा नाही, उलट उत्साह ओसंडतो आहे, असा काळ कधी आला होता का, हेही त्यांनी विचारले. मला असे काही आठवेना, कारण बरे गेलेले दिवस दुखण्याच्या यादीत सांगायचे असतात हे कोणाच्या मनात येणार?

निदान नैराश्याचे झाले आणि एस्सिटालोप्राम सुरू झाले: पहिला आठवडा 5 मिलिग्रॅम, मग 10. सुरुवातीच्या थोड्या दिवसांसाठी रात्री झोपेसाठी क्लोनाझेपामची अगदी लहान गोळी होती आणि ती लांबवायची नाही, हे पहिल्याच दिवशी बजावले गेले होते. डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती: या औषधाचे त्रास आधी येतात आणि गुण चार ते सहा आठवड्यांनी दिसू लागतो. तसेच झाले. मळमळ, सारख्या जांभया, जबडा आवळल्यासारखा वाटणे हे सगळे पहिल्या दहा-बारा दिवसांत आले आणि नाश्त्यानंतर गोळी घेऊ लागल्यावर ओसरले. मार्चमध्ये झोप सुधारली, रडू थांबले, पण मन उघडले नाही. डोस वाढवूनही गाडी तिथेच अडली, तेव्हा एप्रिलमध्ये व्हेन्लाफॅक्सिन या नैराश्यावरच्याच दुसऱ्या औषधाकडे वळायचे ठरले. एक गोळी उतरवत दुसरी चढवण्याचे वेळापत्रक डॉक्टरांनी वेगळ्या कागदावर तारखांसह लिहून दिले. हा कागद मागून घ्यावा, कारण तोंडी सांगितलेले वेळापत्रक स्वारगेटच्या गर्दीत पोहोचेपर्यंत अर्धे विसरलेले असते. व्हेन्लाफॅक्सिनने रक्तदाब वाढू शकतो म्हणून दर आठवड्याला तो मोजून लिहून ठेवायचा होता. त्या निमित्ताने मी एक दोनशे पानी वही घेतली आणि रक्तदाबाच्या शेजारी झोपेचे तासही लिहू लागले.

जूनमध्ये मी बरी झाले, असे सगळ्यांना वाटले. माझे माहेर लोणंदजवळचे आहे. ज्ञानेश्वर माउलींची पालखी जूनच्या तिसऱ्या आठवड्यात त्या बाजूला आली तेव्हा मी रजा टाकून माहेरी गेले आणि रात्री दोन-अडीचला उठून वारकऱ्यांसाठी भाकरी थापायला बसू लागले. पहाटेपर्यंत पिठले-भाकरीच्या चवडी तयार, मग दिवसभर वाढणे, संध्याकाळी पुढच्या मुक्कामाची तजवीज, आणि तरीही थकवा नावाला नाही. मी इतक्या वेगाने बोलत होते की समोरच्याचे वाक्य मीच पुरे करून टाकत होते. पुढच्या वर्षी शंभर वारकऱ्यांची दिंडी आपण स्वतः काढायची असे जाहीर करून मी एका मंडपवाल्याला पंधरा हजार रुपये आगाऊही देऊन टाकले. उत्साह पुण्यकर्मात चालला होता, म्हणून कोणाला संशय आला नाही. वारीच्या दिवसांत आमच्या भागात सगळेच थोडे भारलेले असतात. माझे पती न्यायला आले, त्यांनी वही चाळली आणि झोपेच्या रकान्यात ओळीने "3", "2.5", "3" असे आकडे पाहून विचारले, "तू डॉक्टरांना हे कळवलंस का?"

दोन दिवसांत पुण्याला गेलो. या भेटीत डॉक्टरांनी आधी माझ्याशी, मग माझ्या परवानगीने पतींशी स्वतंत्रपणे बोलणे केले. घरात सोबत राहणारे माणूस निदान एकदा तरी भेटीला न्यावे, असे मी आता सगळ्यांना सांगते, कारण चढलेल्या मनःस्थितीत माणसाला आपण चढलेलो आहोत हे कळत नाही. वही पाहून, मामांविषयीचे जुने वाक्य परत वाचून आणि मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षात असताना काही आठवडे कशी जवळजवळ न झोपता तीन स्पर्धांची तयारी करत होते हे पतींकडून ऐकून (लग्नाआधीची ही हकिगत त्यांना माझ्या आईने सांगितली होती) त्यांनी निदान बदलले: बायपोलर, म्हणजे मन कधी फार चढण्याचा तर कधी फार उतरण्याचा आजार, दुसऱ्या प्रकारचा. या प्रकारात पूर्ण उन्माद येत नाही, त्याच्या अलीकडची, निदान चार दिवस टिकणारी चढती अवस्था येते आणि बाकीचा बहुतेक काळ नैराश्य असते. म्हणून पुष्कळांचे पहिले निदान नुसत्या नैराश्याचे होते. अशा माणसाला केवळ नैराश्यावरचे औषध दिले तर मन कधी कधी उलट्या टोकाला उसळते. आधीचे निदान चुकले होते का, असे मी जरा रागानेच विचारले. त्यांनी सांगितले की जानेवारीत समोर होती तेवढ्या माहितीवर ते बरोबर होते आणि आता माहिती वाढली आहे. मला हे उत्तर तेव्हा पटले नाही, नंतर पटले.

व्हेन्लाफॅक्सिन टप्प्याटप्प्याने उतरवले. त्या दिवसांत मान वळवली की डोक्यात क्षणभर वीज चमकल्यासारखे होई. ते औषध उतरवताना असे होते, हे आधी सांगितलेले असल्यामुळे घाबरले नाही. आता मन स्थिर ठेवण्यासाठी कोणत्या औषधांचे पर्याय आहेत हे डॉक्टरांनी कागदावर मांडले. व्हॅल्प्रोएट त्यांनी स्वतःच खोडले, कारण माझे वय मूल होण्याचे आहे आणि त्या औषधाने गर्भात गंभीर दोष येऊ शकतात. आधी रात्रीचे क्वेटियापिन सुरू झाले. त्याने झोप आणली, पण सकाळी दहापर्यंत डोळे उघडत नसत आणि दोन महिन्यांत वजन पाच किलोने वाढले. भुकेचे तर विचारूच नका. रात्री अकराला मी डब्यातल्या शेंगदाण्याच्या चटणीबरोबर शिळी भाकरी खात असे.

जुलैमध्ये रजा घ्यावी लागली. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांना 1981 च्या रजा नियमांनुसार वैद्यकीय प्रमाणपत्रावर परिवर्तित रजा मिळते. तिच्या प्रत्येक दिवसामागे अर्धवेतनी रजेचे दोन दिवस खर्ची पडतात, म्हणून अर्ज करण्यापूर्वी खात्यावरची शिल्लक पाहून घ्यावी. प्रमाणपत्रात आजाराचे नाव लिहू का, हे डॉक्टरांनी मला विचारले. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 च्या कलम 23 मध्ये गोपनीयतेचा हक्क दिलेला आहे, हे मला त्यांच्याकडूनच कळले. मी नाव लिहायला संमती दिली, मात्र प्रमाणपत्र "गोपनीय" असे लिहिलेल्या बंद पाकिटात थेट कार्यालयप्रमुखांच्या हाती दिले. आस्थापना शाखेच्या टेबलावर ते उघडे फिरू दिले नाही. रुजू होताना तंदुरुस्तीचे प्रमाणपत्र लागते, ते शेवटच्या भेटीतच मागून ठेवले तर त्या एका कागदासाठी पुण्याची वेगळी खेप पडत नाही.

ऑगस्टअखेर लिथियमचा विषय निघाला. नाव ऐकून मला बॅटरी आठवली, हे डॉक्टरांना सांगितले तेव्हा त्या हसल्या आणि म्हणाल्या, "अहो, हे साधे क्षार आहेत, आणि मनाच्या आजारावर ते 1949 पासून वापरात आहेत." ऑस्ट्रेलियातल्या जॉन केड यांनी त्या वर्षी त्याचा गुण प्रसिद्ध केला होता. औषध सुरू करण्याआधी मूत्रपिंडांसाठी क्रिएटिनिन, मग सोडियम-पोटॅशियम, कॅल्शियम, टीएसएच, ईसीजी आणि गरोदरपणाची चाचणी असे सगळे झाले. खर्च दोन हजारांच्या थोडा वर गेला. मूत्रपिंडे लिथियमला मिठातल्या सोडियमसारखेच वागवतात, हे त्यांनी नीट समजावले. शरीरात मीठ-पाणी कमी पडले की मूत्रपिंडे लिथियमही धरून ठेवतात आणि रक्तातली पातळी चढते. हे एकदा समजले की पथ्ये पाठ करावी लागत नाहीत. उन्हात भरपूर पाणी प्यायचे, मीठ एकदम सोडायचे किंवा वाढवायचे नाही, जुलाब-उलट्या लागल्या तर डॉक्टरांना लगेच फोन करायचा. वेदनाशामक औषधांपैकी आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफिनॅक टाळायचे, कारण त्यांनीही पातळी वाढते. आपल्याकडे घरोघरी असणाऱ्या कॉम्बिफ्लॅममध्ये आयब्युप्रोफेन असते, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. पॅरासिटामॉल चालते. रक्तदाबाच्या काही गोळ्यांचेही असेच आहे, म्हणून कोणत्याही नव्या डॉक्टरांना पहिल्या वाक्यातच लिथियम चालू असल्याचे सांगावे.

त्या वर्षी 15 ऑक्टोबरला घटस्थापना होती आणि आमच्या घरी नऊ दिवसांचा उपवास धरतात. मी तो कसा मोडायचा या विवंचनेत असताना सासूबाईच म्हणाल्या, "तू उठता-बसता कर, मधले दिवस मी धरते." डॉक्टरांनीही पहिला आणि शेवटचा दिवस चालेल, पण निर्जळी किंवा अळणी नको, असे सांगितले. भगर-आमटी आणि ताक यांवर दोन्ही दिवस नीट गेले.

रक्तातली पातळी मोजण्यासाठी शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी रक्त द्यायचे असते आणि डोस बदलल्यावर साधारण आठवडाभर थांबावे लागते. मी रात्री साडेआठला गोळी घेई आणि सकाळी साडेआठला प्रयोगशाळेत जाई. सकाळची गोळी रक्त दिल्यानंतर. "उपाशीपोटी आलात ना?" असे दर वेळी विचारले जाते, पण या तपासणीत पोट रिकामे असण्यापेक्षा घड्याळ महत्त्वाचे. पहिली पातळी 0.4 आली, डोस वाढवून 900 मिलिग्रॅमवर गेल्यावर 0.7. माझ्यासाठी 0.6 ते 0.8 ही मर्यादा ठरली होती. हाताला बारीक थरथर सुरू झाली, बशीवर कप वाजायचा, आणि तहान इतकी की टेबलावरची लिटरभर पाण्याची बाटली दुपारपर्यंत दोनदा भरावी लागे. थरथरीसाठी वेगळी गोळी देता येते, पण मी ती घेतली नाही. दोन-तीन महिन्यांत ती सवयीची झाली.

डिसेंबरमध्ये एका प्रयोगशाळेचा रिपोर्ट 2.3 आला. 1.5 च्या वर विषबाधेची लक्षणे दिसू शकतात हे मी वाचलेले होते, त्यामुळे मोबाइलवरचा आकडा पाहून हातपाय गळाले. डॉक्टरांनी संध्याकाळी लगेच फोन घेतला. उलट्या, जुलाब, चालताना झोक जाणे, बोलणे जड होणे असे काही आहे का, हे एकेक करून विचारले. काहीच नव्हते. मग त्यांनी विचारले, "रक्त घेतलं त्या नळीचं टोपण कोणत्या रंगाचं होतं?" ते माझ्या बांगड्यांइतके हिरवेगार होते म्हणून लक्षात राहिले होते. हिरव्या टोपणाच्या पुष्कळ नळ्यांमध्ये रक्त गोठू नये म्हणून लिथियम हेपॅरिन घातलेले असते, म्हणजे मोजायचा पदार्थ नळीतच आधीपासून हजर. त्या रात्रीची गोळी थांबवून दुसऱ्या दिवशी दुसरीकडे लाल टोपणाच्या साध्या नळीत रक्त दिले, पातळी 0.68 आली. चुकलेली गोळी जमेला धरली तरी 2.3 वरून एका रात्रीत इतके खाली येणे शक्य नव्हते. तेव्हापासून मी खुर्चीत बसल्या बसल्या टोपणाचा रंग पाहते आणि वेगळी नळी मागताना संकोच करत नाही. रक्त घेणारी मुले कधी वैतागतात. वैतागू देत.

2024 च्या सुरुवातीला उसळ्या थांबल्या होत्या, पण सकाळचा जडपणा उरला होता, म्हणून फेब्रुवारीत लॅमोट्रिजिन जोडले. ते फार सावकाश वाढवतात: दोन आठवडे 25 मिलिग्रॅम, दोन आठवडे 50, मग 100. घाई केली तर अंगावर पुरळ उठून क्वचित जिवावरचे दुखणे होऊ शकते, आणि सलग चार-पाच दिवस गोळ्या चुकल्या तर डॉक्टरांना विचारून पुन्हा 25 पासून चढावे लागते. मार्चअखेर, म्हणजे कार्यालयात वर्षअखेरीची धावपळ आणि बाहेर रणरणते ऊन असताना, माझ्या मानेवर लाल पुरळ आले. डॉक्टरांना फोटो पाठवले, त्यांनी गोळी थांबवून त्याच दिवशी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवायला सांगितले. तोंडाच्या आत फोड, ताप, डोळ्यांची आग असे काही नाही ना, हे पाहून त्यांनी घामोळे असल्याचे सांगितले, आणि दुसऱ्या दिवशी गोळी पुन्हा सुरू झाली. एप्रिलच्या तपासणीत टीएसएच 7 च्या वर गेला. लिथियमने असे पुष्कळ बायकांना होते. जुन्या रिपोर्टशी ताडून पाहून थायरॉक्सिनची लहान गोळी सुरू झाली. ती सकाळी उपाशीपोटी घ्यायची, चहाही अर्ध्या तासाने.

त्या वर्षीच्या वारीला मी पुन्हा माहेरी गेले, सकाळी सहाला उठून भाकरी केल्या आणि दुपारी थकून झोपले. मंडपवाल्याने पंधरापैकी आठ हजार परत केले.

आता औषधांचा खर्च महिन्याला सहा-सातशे रुपये येतो. लिथियम इतके स्वस्त आहे की बहुधा त्यामुळेच ते दुकानात ठेवण्यात कोणाला रस नसतो. "मॅडम, उद्या संध्याकाळी मागवून देतो," हे ठरलेले उत्तर. म्हणून निदान पंधरा दिवसांच्या गोळ्या शिल्लक असतानाच मी चिठ्ठी घेऊन जाते, आणि साध्या गोळीऐवजी सावकाश विरघळणारी गोळी दिली जात नाही ना, हे पाकिटावर वाचून घेते, कारण दोन्हींनी पातळी सारखी राहीलच असे नाही. डॉक्टरांची भेट तीन महिन्यांनी असते, एक आड एक व्हिडिओवर. प्रत्यक्ष जायचे असेल तेव्हा मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धे तिकीट असल्यामुळे पुण्याचा प्रवास परवडतो. माझे डोस इथे लिहिले ते क्रम कळावा म्हणून. दुसऱ्याच्या वजनाला, वयाला आणि मूत्रपिंडांना ते लागू पडणार नाहीत. मूल हवे का, याचा विचार आम्ही दोघे सध्या करत आहोत. तसे ठरले तर लिथियम चालू ठेवायचे, कमी करायचे की लॅमोट्रिजिनवर भर द्यायचा, हे दिवस राहण्याआधीच ठरवावे लागते. त्यासाठी पुढच्या भेटीला स्त्रीरोगतज्ज्ञांचे पत्र घेऊन यायला डॉक्टरांनी सांगितले आहे.